बराकींतील पंगत

आमच्या परिचयांतील एका घरचा नातू नौदलांत दाखल झाला. ओडिशांत चिल्का सरोवराच्या कांठीं असलेल्या आय. एन. एस. चिल्का येथें प्राथमिक शिक्षण पुरें करून तो लोणावळ्यास, आय. एन. एस. शिवाजी या यंत्रविद्येच्या शाळेंत आला, तेव्हां मुलगा घराजवळ आला म्हणून सर्वांस आनंद झाला. पहिल्याच दूरध्वनींत आजीबाईंनीं विचारलें, “अरे, तुला ताट कोण वाढतें?” त्यानें उत्तर दिलें, “आजी, रांगेंत उभा राहून मीच वाढून घेतों, आणि मीच धुऊन ठेवतों.” आजीबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. आम्हांस मात्र तें उत्तर ऐकून समाधान वाटलें. तें कां, हें सांगण्यासाठींच हा प्रपंच.

१९४५ सालीं स्थापन झालेल्या ह्या शाळेच्या आवारांत समुद्र नाहीं. सभोंवतीं सह्याद्रीचे डोंगर, आणि पावसाळ्यांत धो धो कोसळणाऱ्या सरी! तरीही आरमारी रिवाजाप्रमाणें अशा संस्थेस जहाजच मानतात. जमिनीला डेक, भिंतीला बल्कहेड, स्वयंपाकघराला गॅली म्हणावयाचें. आणि सुटीच्या दिवशीं फाटकाबाहेर पाऊल टाकणें म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणें’. वाचकांस हें ऐकून हसूं येईल. पण ह्या भाषेंत बराकीचें सारें मर्म सांठविलेलें आहे. मुलाला उद्यां जेथें राहावयाचें आहे, तेथील राहणी त्याच्या अंगवळणीं आजपासूनच पडावी, हा तिचा हेतु.

एका दालनांत ओळीनें मांडलेल्या खाटा, प्रत्येकाचें एक लहानसें कपाट, पहाटेची कवाईत, दिवसभर वर्ग आणि कर्मशाळा, रात्रीं पाळीपाळीनें पहारा, आणि अधिकारी पाहणीस येण्यापूर्वीं न्हाणीघरापासून उंबऱ्यापर्यंत सारें स्वतःच्या हातांनीं घांसून लख्ख करणें, असा हा दिनक्रम. घरीं ज्याचें अंथरूण आई गुंडाळीत असे, त्याला चादरीची घडी चुकली म्हणून बोल ऐकावे लागतात. हा जाच निरर्थक आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. डोलणाऱ्या जहाजांत मोकळी पडलेली वस्तु इकडून तिकडे फेंकली जाते. यंत्रघरांत विसरलेला पाना एखाद्याचा जीव घेऊं शकतो. आग लागली वा तळाला भोंक पडलें, तर अंधारांत हात घालतांच हवी ती वस्तु हातीं लागली पाहिजे. कपाट नीट लावण्याची संवय ही पुढें शेंकडों जीव वांचविण्याची संवय होय. हें कारण ज्यास उमगलें, त्यास कष्ट जड जात नाहींत.

परंतु ह्या नाण्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती आपल्या मुंबईनेंच जगास दाखविली. कुलाब्यास ‘तलवार’ नांवाची आरमाराची बिनतारी संदेशांची शाळा होती. तेथील तरुण खलाशी शिकलेसवरलेले होते. युद्धकाळांत मोठमोठ्या आशा दाखवून त्यांस भरती केलें होतें. हातीं आलें तें निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाश्यांच्या मानानें तोकडा पगार, आणि वरिष्ठाच्या तोंडून आईबापांचा उद्धार करणाऱ्या शिव्या. तक्रार केली तर दाद नाहीं. अखेर १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं त्यांनीं जेवण नाकारलें आणि काम थांबविलें. पाहतां पाहतां सत्तरांहून अधिक जहाजें आणि किनाऱ्यावरील अनेक ठाणीं त्यांस मिळालीं. त्यांच्या समितीचे अध्यक्ष खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग, एक मुसलमान व एक शीख. बराकीच्या एका पंगतीनें जी एकी घडविली, ती त्या काळच्या पुढाऱ्यांस साधत नव्हती. सरदार पटेलांच्या सल्ल्यानें २३ फेब्रुवारीस त्यांनीं शरणागति पत्करली. पण तोंवर मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारांत दोनशेंहून अधिक नागरिक प्राणांस मुकले होते.

त्या उठावामागें स्वातंत्र्याची आकांक्षा होतीच; तिचें मोल आम्ही कमी करीत नाहीं. पण ठिणगी पडली ती पानावर. खडे असलेली डाळ युद्धाच्या दिवसांत त्या तरुणांनीं गिळलीच होती. ती वाढणाऱ्यानें त्यांस माणूस मानलें नाहीं, हें मात्र त्यांच्या गळ्याखालीं उतरेना. कष्ट आणि अपमान ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिल्यानें शिपाई घडतो. दुसऱ्यानें तो मोडतो, नाहीं तर उठून उभा राहतो.

आजच्या नौदलांत प्रत्येक खलाश्याचा कोणी एक डिव्हिजनल ऑफिसर ठरलेला असतो. मुलाचें शिक्षण, प्रकृति, घरची अडचण ह्या सर्वांची विचारपूस करणें हें त्याचें कर्तव्य. मुलानें संकोच न धरतां त्यास भेटावें, असें वडिलधाऱ्यांनीं आवर्जून सांगावें. फोनवर “तिथें सुख आहे ना?” असें विचारूं नये, सुख तेथें नसतेंच, आणि मुलगा उगीच कावराबावरा होतो. “आज काय शिकलास? तुझ्याशीं नीट बोलतात ना?” असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें त्याचें मन विद्येकडे वळेल; दुसऱ्याच्या उत्तरांत जरा जरी अडखळणें ऐकूं आलें, तरी तें दुर्लक्षूं नये.

आणखी एक गोष्ट. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेप्रमाणें भरती झालेल्यांची नेमणूक चार वर्षांची असते, आणि त्यांपैकीं जास्तींत जास्त २५ टक्क्यांस पुढें कायम करावयाचें, असें त्या वेळीं जाहीर झालें. म्हणजे बहुतेक मुलें ऐन पंचविशीच्या आगेंमागें घरीं परततील. चिल्क्याच्या बराकींतून आतां मुलीही शिकून बाहेर पडत आहेत, हेंही विसरूं नये. ह्या मुलांमुलींनीं अठरापगड जातींच्या सोबत्यांशेजारीं बसून जेवलेलें असेल, कोणतेंही काम हलकें न मानतां केलेलें असेल. आपलीं घरें त्यांच्या स्वागतास योग्य आहेत काय, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.

आजीबाईंस आमची एवढीच विनंती आहे. नातू रजेवर येईल, जेवण झाल्यावर आपलें ताट उचलून मोरीकडे निघेल. तें त्याच्या हातांतून काढून घेऊं नका. जमल्यास शेजारीं बसलेल्या त्याच्या काकांनाही उठूं द्या.