फुरसतीचा हक्क

फुरसत म्हणजे आळशांचें भूषण, ही समजूत आमच्या सुशिक्षित समाजांत सध्यां मोठ्या जोमानें पसरत आहे. राष्ट्र वर आणावयाचें तर तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें, असा उपदेश नारायण मूर्ति यांनीं २०२३ मध्यें केला. आणि कारखान्यांतील दिवसाच्या कामाची ९ तासांची मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२५ मध्यें मान्यता दिली. पुष्कळ सद्गृहस्थांस यांत पुरुषार्थ दिसतो. आम्हांस यांत विस्मृति दिसते, आणि ती मुंबईस तरी शोभत नाहीं.

कारण या शहरास फुरसत कोणी दान दिलेली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं परळ व भायखळा येथें गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा आणि सूर्यास्ताबरोबर कामाचा शेवट, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. रविवार मिळण्यास १८९० साल उजाडावें लागलें. पुढें १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. तेव्हां सूर्यास्ताची सीमाही पुसली जाऊन काम १४ तासांवर जाऊं लागलें. १९२२ च्या कायद्यानें आठवड्याचे ६० तास ठरविले, १९४८ च्या कायद्यानें ४८. म्हणजे आजचे उपदेशक ज्या ७० तासांस नवयुगाचा मंत्र समजतात, ते १९२२ सालच्या परकीय सरकारलाही जास्त वाटले होते!

या जिंकलेल्या तासांचें चीज झालें कीं नाहीं? लालबाग-परळच्या चाळींतील भजनी मंडळें, व्यायामशाळा आणि कामगार रंगभूमि हें सर्व या तासांवरच उभें राहिलें. अण्णा भाऊ साठे व नारायण सुर्वे या दोघांनींही गिरणींत काम केलेलें. मराठी साहित्यांतील त्यांचें स्थान आज कोण नाकारील? मध्यमवर्गाची कथाही निराळी नाहीं. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव घ्या, किंवा १८९८ त निघालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय घ्या; पोटाचा उद्योग आटोपल्यावर लोकांपाशीं जो वेळ उरे, त्याचींच हीं फळें होत.

यावर दोन आक्षेप येतील. जादा काम कामगाराच्या संमतीनेंच घेतलें जाईल, हा पहिला. पण ज्याचें पोट त्याच नोकरीवर, त्याची संमति कितीशी स्वतंत्र? दुसरा आक्षेप असा कीं, लोक फुरसतीचा वेळ मोबाइलवर दवडतात. खरें आहे. परंतु आठवड्यास ७० तास म्हणजे सहा दिवस रोज जवळजवळ पावणेबारा तास. विरार-बदलापुराहून लोअर परळास येणाऱ्याचे तीन तास प्रवासांत व सात झोपेंत गेले, कीं उरले सव्वादोन. त्यांतच स्नान, जेवण, मुलेंबाळें आणि आईबाप! अशा शिणलेल्या मनुष्यानें चांगलें पुस्तक हातीं धरावें कसें? त्याला हलतीं चित्रें पाहण्यापलीकडे त्राण राहत नाहीं. शिवाय गिरणीचा भोंगा काम सुटल्याचें तरी सांगे. या नव्या यंत्रास सुटीचा भोंगाच नाहीं. साहेबाचा निरोप जेवणाच्या पानापर्यंत येतो.

मात्र दोष एकट्या मालकांचा नव्हे. दादरच्या सुशिक्षित घरांतही मूल घटकाभर स्वस्थ बसलें कीं आईबापांस चैन पडत नाहीं, आणि त्याचा रविवार शिकवण्यांनीं भरून टाकला जातो. असें वाढलेलें मूल उद्यां ७० तासांस नाहीं कसें म्हणेल?

म्हणून आमचें म्हणणें स्पष्ट आहे. कामाची मर्यादा वाढविण्यास नागरिकांनीं उघड विरोध करावा. आणि निदान आपल्या घरांत तरी मुलांचा रविवार व मोठ्यांची रात्र मोकळी राखावी. बहुतांशीं निरक्षर कामगारांनीं जें झगडून मिळविलें, तें पदवीधरांनीं हंसत हंसत परत करावें, याहून मोठी नामुष्की कोणती?