अमूर्ताच्या इतिहासातल्या लाकोटा बायका

कलाशाळेत मी बरीच वर्षं अमूर्त चित्रकला शिकवते. आमचा अभ्यासक्रम कँडिन्स्कीपासून निघतो आणि मोंद्रियानवरून न्यूयॉर्कला पोलॉकपाशी पोचतो. या वाटेवर लाकोटा बायका कुठेच भेटत नाहीत, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानांतल्या लाकोटा या मूलनिवासी लोकांमध्ये कामं वाटलेली होती. लढाया, घोडे, शिकार ही ओळखू येणारी चित्रं कातड्यावर पुरुष काढत. भौमितिक रचना बायकांच्या. साळिंदराचे काटे रंगवायचे, तोंडात धरून मऊ करायचे, दातांनी चपटे करायचे आणि घड्या घालत कातड्यावर शिवायचे. रंगाचा पट्टा कुठे थांबवायचा, त्रिकोण केवढा ठेवायचा, किती जागा मोकळी सोडायची, हे ती बाई ठरवत असे. पुढे व्यापाऱ्यांनी युरोपातली पोत आणली आणि तीच नजर काचेच्या मण्यांत उतरली. याला नुसतं 'नक्षीकाम' म्हणून बाजूला सारणाऱ्याने स्वतः एकदा रिकाम्या कागदावर चार त्रिकोण तोलून बघावेत.

मिनियापोलिसची आजची चित्रकार डायानी व्हाइट हॉक सिचांगू लाकोटा आहे. 2022 च्या व्हिटनी बिएनाले या प्रदर्शनात तिची 'वोपिला | लिनिएज' ही कलाकृती होती. 14 फूट रुंद, 8 फूट उंच, आणि त्यात नळीच्या आकाराचे 5 लाखांहून अधिक काचेचे मणी. तिच्या कॅनव्हासवरही रंगाचे बारीक फटकारे काट्यांच्या टाक्यांसारखे शेजारी शेजारी बसतात. अशा कामाबद्दल लोक सहज म्हणून जातात की, आदिवासी हस्तकला आधुनिक अमूर्त कलेत आणली. मला हा उलटा हिशेब वाटतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1941 मध्ये मूलनिवासी कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. तिथे नवाहो कलाकार वाळूची चित्रं काढून दाखवत. पोलॉकने पुढे जमिनीवर कॅनव्हास पसरून काम करताना पश्चिमेकडच्या या वाळूचित्रकारांचा उल्लेख स्वतःच केला. घेणाऱ्याचं नाव पुस्तकात आलं, देणाऱ्यांचं राहिलं.

मूलनिवासी चित्रकार अमूर्ताकडे वळला की त्यालाच परका ठरवायचं, हेही घडलंय. लाकोटांच्या भाऊबंदांपैकी, डकोटा ऑस्कर हाउ यांचं चित्र 1958 मध्ये टल्साच्या फिलब्रुक संग्रहालयाच्या स्पर्धेतून बाद झालं. कारण काय, तर ते पारंपरिक 'इंडियन' शैलीत बसत नव्हतं! हाउ यांनी पत्र लिहून खरमरीत निषेध केला. आपल्या रेषांचं मूळ डकोटा परंपरेत आहे, क्यूबिझममध्ये नाही, हे ते कायम सांगत राहिले.

जुन्या लाकोटा कामांखाली संग्रहालयांत बहुतेक वेळा करणारीचं नाव नसतं. ते मिळवणाऱ्या संग्राहकाचं मात्र सापडतं. ती नावं आता बहुधा मिळणार नाहीत. तिथे निदान 'लाकोटा चित्रकार' एवढं लिहावं, आणि ते काम मानववंशशास्त्राच्या कपाटातून काढून मोंद्रियानच्या दालनात लावावं.