किती लवकर मिळेल?

आजकाल पुष्कळ लोक मोबाइलवरून वस्तू मागवतात. अशा वेळी ग्राहक दोन गोष्टी पाहतो. वस्तूची किंमत किती आणि ती घरी केव्हा येईल? पुष्कळदा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा ठरतो. 'उद्या मिळेल' असे दिसले की तो लगेच वस्तू मागवतो. 'आठ दिवस लागतील' असे दिसले तर तो दुसरीकडे पाहू लागतो.

व्यापाऱ्यांनी ग्राहकाचा हा स्वभाव ओळखला आहे. अमेरिकेत २००५ साली ॲमेझॉनने 'प्राइम' योजना सुरू केली. वर्षाला ७९ डॉलर भरणाऱ्याला माल दोन दिवसांत घरपोच मिळू लागला. प्रत्येक वेळी वेगळा खर्च नव्हता. एकदा पैसे भरले, की ग्राहकाला तेथूनच खरेदी करावीशी वाटते. २०२१ साली मुंबईत झेप्टो सुरू झाली. दहा मिनिटांत किराणा देण्यासाठी तिने वस्त्यांजवळ छोटी गोदामे उघडली.

घरात कोणी आजारी असेल तर हा वेग उपयोगी पडतो. परंतु नवे बूट आठ दिवसांनी आले, तर काय बिघडते? उलट तेवढ्या वेळात 'हे मला खरोखर हवे आहेत का?' असा विचार करता येतो. शिवाय घाई आपली असते आणि रस्त्यावर धोका पत्करतो तो माल आणणारा तरुण.

'अति घाई संकटात नेई' ही पाटी आपण रस्त्यावर वाचतो. मुलांनो, ती खरेदी करतानाही आठवावी. आधी गरज, मग किंमत आणि दर्जा पाहावा. वेग शेवटी पाहावा, असे मला वाटते.