दीक्षाभूमीला विमानाने
मुंबई ते नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर. विमानाने सरळ अंतर सुमारे ७००, वेळ दीड तास. पण बंधू-भगिनींनो, हा दीड तास फसवा! घरून निघणे, दोन तास आधी हजर राहणे, उतरल्यावर सामान घेणे, हे धरता पाच-सहा तास जातातच. तरी १९५६ साली काखेत बसून दीक्षेला गेलेल्या लेकी आज सत्तरीच्या आहेत. गाडीतले बारा-चौदा तास त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. २००५ साली नागपूर विमानतळाला बाबासाहेबांचे नाव लाभले. तेथून दीक्षाभूमी एरवी रिक्षाने अर्धा तास. विजयादशमीला गर्दीमुळे पायपीट धरावी. आम्ही म्हणतो, भावंडांनी वर्गणी काढून आईला एकदा विमानाने न्यावेच. बाकीच्यांना गाडी आहेच. तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे, चाकाची खुर्ची तेव्हाच मागून ठेवावी.