खायचा नाही, तर धरायचा कशाला?

जुलैमध्ये टेबल रॉक तलावावर जाऊन बास धर, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे एकमुखाने म्हणाले, एप्रिलमध्ये जा. एप्रिलमध्ये पाणी पंधरा-सोळा अंशांवर येतं, मासे अंडी घालायला काठाशी येतात, नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि तिथे राखणीला बसतो. त्याच्या डोक्यावरून काहीही गेलं तरी तो अंगावर धावून येतो. भूक नसली तरी चावतो. पण एप्रिलमध्ये मुलांची शाळा असते, नवऱ्याच्या ऑफिसात टॅक्सची घाई असते आणि सासूबाई पुण्याहून येतात त्या मे संपता संपता, आंबे उरकून. थोडक्यात, मासे एप्रिलचे आणि सुट्टी जुलैची.

आम्ही सेंट लुईसला राहतो. तिथून चार तास गाडी हाकली की मिसूरी राज्याच्या दक्षिण टोकाला, आर्कान्सासच्या सीमेला लागून, ओझार्क डोंगरांत हा तलाव आहे. तलाव म्हणायचा, पण हे धरणाचं पाणी. व्हाईट नदीवर एकाखाली एक धरणं आहेत, त्यातलं टेबल रॉक धरण १९५८ मध्ये पुरं झालं. पाणी डोंगरांच्या घळीघळींत शिरल्यामुळे त्रेचाळीस हजार एकरांच्या या तलावाचा काठ कित्येकशे मैलांचा झालाय. बुडालेल्या खोऱ्यातली झाडं बऱ्याच ठिकाणी अजून पाण्याखाली तशीच उभी आहेत. आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. ते बघून घरातले सगळे हरखले. माझा चेहरा तेवढा पडला. स्वच्छ पाण्यात ऊन खोलवर जातं आणि उन्हाळ्यात बास त्याहून खोल जातो, पंचवीस-तीस फुटांवर, त्या बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांत. तिथे गळ सोडला की मासा लागण्याआधी झाड लागतं.

ज्यांना बास माहीत नाही त्यांच्यासाठी: गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, भल्या थोरल्या जबड्याचा शिकारी मासा. टेबल रॉकमध्ये त्याच्या तीन जाती आहेत. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. तिसऱ्याला इथली मंडळी नुसतं ‘केंटकी’ म्हणतात. अमेरिकेत या माशाच्या पायी लोक काय काय करतात, हे बघायचं असेल तर वाटेतल्या स्प्रिंगफिल्डला थांबावं. १९७२ मध्ये जॉनी मॉरिस नावाच्या तरुणाने वडिलांच्या दारूच्या दुकानात मागे एक कोपरा मागून घेतला आणि तिथे बासची आमिषं विकायला ठेवली. त्याचं आज ‘बास प्रो शॉप्स’ झालंय. स्प्रिंगफिल्डच्या मुख्य दुकानाला वस्तुसंग्रहालय आणि मत्स्यालयही जोडलेलं आहे. मुलं आणि सासूबाई तिकडे गेल्या, मी प्लास्टिकच्या गांडुळांच्या रांगेत शिरले. लक्ष्मी रोडवर साडी घेताना बायको आत असते आणि नवरा पिशव्या सांभाळत पायरीवर बसतो, तसा माझा नवरा त्या रांगेच्या तोंडाशी उभा होता. “हिरव्यात आणि या हिरव्यात फरक काय?” असं त्याने विचारलं. फरक होता. एकात जांभळी चमक होती. मासा ती बघतो की नाही हे माशाला माहीत; मला दिसली आणि मी दोन्ही पाकिटं घेतली. ही आमिषं माशांपेक्षा माणसंच जास्त पकडतात, असं इथे गमतीने म्हणतात. गंमत आपल्या पाकिटावर येईपर्यंत ठीक असते.

आता कुटुंबाची सुट्टी आणि बास यांचं जमत का नाही, ते सांगते. उन्हाळ्यात बास काठाकडे वर येतो तो उजाडताना आणि मावळताना. घरातल्या माणसांनाही नेमक्या याच दोन वेळा हव्या असतात. भाड्याच्या घराला धक्का होता, तिथे मी पहाटे जाऊन उभी राही. धुकं असे, पाणी निपचित असे, मधूनच घळीच्या पलीकडच्या काठाला एखादा मासा फटकन उसळे. तिथवर माझा गळ पोचत नसे. तेवढ्यात वरून हाक येई: “अगं, इथे गॅस कसा पेटवतात?” चहा झाला की आंघोळी, मग भाजणीची थालीपिठं. जवळच्या ब्रॅन्सन गावात शाकाहारी माणसाने बाहेर खायचं म्हणजे बटाट्याच्या काचऱ्या आणि दालचिनीचा पाव, म्हणून सासूबाईंनी अर्धी बॅग भाजणी आणि मेतकुटाने भरून आणली होती. त्यांच्या हातचं खाऊन मी पुन्हा धक्क्यावर येईपर्यंत ऊन डोक्यावर आणि वेगाच्या बोटींनी अख्खी घळ घुसळून काढलेली.

भाड्याची बोटही सकाळी ऊन चढल्यावरच मिळते. आम्हाला मिळाली पाँटून, म्हणजे छप्पर असलेली, सोफे टाकलेली, सपाट तळाची तरंगती ओसरी. तिच्यावर बसून भजी खावीत, फार तर अंताक्षरी खेळावी. मुलाला मागे टायर बांधून ओढून हवं होतं, मुलीला उडी मारायची होती, नवऱ्याला मधोमध कुठेतरी इंजिन बंद करून आडवं व्हायचं होतं. मी एका सुळक्याच्या टोकाशी बोट थांबवायला लावली. नकाशाप्रमाणे तिथे खाली झाडं होती. नकाशा बरोबर होता. एकेक करून आमिषं त्या झाडांनी ठेवून घेतली, जांभळ्या चमकेसकट. दोर तोडताना मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. सासूबाई छपराखाली पुस्तक वाचत होत्या, त्यांनी पान उलटलं नाही, एवढंच सांगते.

शेवटी एक सकाळ मी सगळ्यांकडून मागून घेतली आणि गाइड ठरवला. त्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे ऐकून नवऱ्याने डॉलरचे रुपये केले. ती सवय इतक्या वर्षांनीही जात नाही. बरोबर मुलगी आली. गाइडच्या बोटीला पडदा असतो, त्यावर सोनारने खालचं सगळं दिसतं: झाडाचा शेंडा, त्याच्या बाजूला माशांच्या बारीक कमानी, आणि वरून उतरत जाणारी आपल्या आमिषाची रेघ. इतकं दिसूनही काही होत नाही, हा त्यातला खरा जाच. रेघ कमानीपाशी गेली, थांबली, थरथरवली. कमान तसूभर सरकली आणि परत जागच्या जागी. आदल्या रात्री वादळ होऊन गेलं होतं, आभाळ धुतल्यासारखं निळं, वाऱ्याचा पत्ता नाही. वादळामागून हवेचा दाब चढला की बास रुसतो, यावर इथल्या गळवाल्यांचा पक्का विश्वास आहे. गाइड म्हणाला, “तुम्ही काल यायला हवं होतं.” जगातल्या कुठल्याही गाइडच्या तोंडी हे वाक्य असतंच. आमच्या पेणच्या खाडीवरही मी ते ऐकलेलं आहे.

अखेर एक लागला. रॉड वाकला, मुलगी किंचाळली, केंटकी वर आला. टेबल रॉकमध्ये पंधरा इंचांच्या आतला बास ठेवता येत नाही. हा पट्टीवर चौदाला थांबला. त्यात अठ्ठावीस फुटांवरून ओढून आणल्यामुळे त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगली होती. अशाला सोडलं तर तो खाली जाऊच शकत नाही, कुशीवर तरंगत राहतो. गाइडने बारीक सुई काढली, कुशीत टोचून हवा सोडली, मासा पाण्यात ठेवला. तो शेपटी मारून गेला. लेकीने घरी येऊन आजीला हे सगळं हातवारे करून सांगितलं. सुईसकट.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “अगं, खायचा नाही, तर धरायचा कशाला?”

संध्याकाळी माझ्या माहेरहून, पेणहून, अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. अप्पा खारेपाटातले. तिकडे जिताडा हा नुसता मासा नाही, घराण्याची अब्रू आहे. तळ्यात वाढवायचा, लेकीसुनांच्या माहेरपणाला काढायचा, कामं अडली तर साहेबाच्या घरी पाठवायचा. त्यांनी पहिलं विचारलं, “केवढा?” मग “कालवण केलंस की तळलास?” मी पंधरा इंचांचा कायदा सांगितला. कायदा त्यांना पटला. “बरं, मोठा लागला असता तर?” तरी सोडला असता, म्हटलं. अप्पा थोडा वेळ फोनच्या पडद्यात बघत राहिले. “मग तू तिथे काय करत होतीस?”

चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या बाईचा आणि जिताड्याचं डोकं कुणाच्या ताटात वाढायचं यावरून भावाशी अबोला धरणाऱ्या माणसाचा प्रश्न एकच निघाला. दोघांच्याही हिशेबात जीव घ्यायचा तो पोटासाठी, नाहीतर त्याच्या वाटेला जायचं नाही. मी जे करते ते दोघांच्याही वहीत बसत नाही.

अमेरिकेत तरी हे धरून सोडणं कुठे जुनं आहे? १९३२ मध्ये जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी पोराने बावीस पौंड चार औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वर, लार्जमाउथ धरला. विक्रम म्हणून तो आजही मानतात. मंदीचे दिवस होते. मासा वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. अप्पांना हा पेरी आवडला असता. सोडून द्यायची रीत बासच्या खेळात रुजवली ती रे स्कॉटने. हा अलाबामाचा विमा विकणारा माणूस. त्याने १९६७ मध्ये बासची पहिली मोठी स्पर्धा भरवली ती आर्कान्सासच्या बीव्हर तलावावर, म्हणजे याच व्हाईट नदीवर, टेबल रॉकच्या वरच्या अंगाला. स्पर्धा वाढल्या, मेलेल्या माशांच्या माळा धरून फोटो निघू लागले, आणि १९७२ पासून त्याने मासा जिवंत ठेवा, तोला आणि सोडा, असा धोशा लावला. बोटीत पाणी खेळवणाऱ्या टाक्या आल्या. यात कळवळा होता तसा धंदाही होता. जिवंत सोडलेला मासा पुन्हा धरता येतो. त्याच्या मागे आणखी एक बोट विकता येते.

गंमत पुढे आहे. पेरीच्या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये झाली ती जपानच्या बिवा तलावावर, मानाबू कुरिता याच्या हातून. त्याचा मासा एक औंसाहूनही कमी फरकाने जास्त भरला, पण नियमाप्रमाणे किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांना विभागून. जपानमध्ये बास अमेरिकेतून १९२५ मध्ये नेला आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर उठला. बिवाच्या भोवतालच्या शिगा प्रांताने २००३ पासून नियमच केलाय: धरलेला बास पाण्यात परत सोडायचा नाही. टेबल रॉकला चौदा इंचांचा घरी नेला तर दंड, बिवाला सोडला तर नियमभंग. मासा एकच. आणि अमेरिकेतल्या काही तलावांवर आता मत्स्यखात्याचे लोक लहान बास घरी न्या म्हणून लोकांना विनवतात. सगळेच सोडायला लागल्यामुळे बारक्या माशांची गर्दी होते आणि एकही धड वाढत नाही. पण लोकांच्या अंगी सोडणं इतकं मुरलंय की ते ऐकत नाहीत. तेव्हा मी सोडते ती दया म्हणून, असं मला तरी सासूबाईंना सांगता आलं नसतं. धरताना जे मिळतं तेवढंच मला हवं असतं. पुढचं काही नको असतं. हे उत्तर त्यांना दिलंही. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्याचा जीव जातो आणि तुझा वेळ.”

निघायच्या आदल्या दिवशी सगळे मिळून धरणाच्या पायथ्याशी गेलो. टेबल रॉकच्या तळाचं पाणी धरणातून खाली सोडतात, ते जुलैतही इतकं गार की पाय ठेववत नाही. त्या गारव्यामुळे खालच्या टेनीकोमो तलावातले कोमट पाण्यातले मासे टिकेनात, म्हणून तिथे ट्राउट सोडले. आता टेनीकोमो ट्राउटसाठीच ओळखला जातो. “मग ट्राउट धर की, लगेच मिळतात म्हणे,” नवरा म्हणाला. मी नाही म्हटलं. हौदात वाढवून सोडलेला मासा धरण्यात काय राम! चौदा इंचांच्या केंटकीवर आठवडा घालवलेल्या बाईने हा तोरा मिरवू नये, हे त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो बोलला नाही. तेवीस वर्षांच्या संसारात तेवढं शिकलाय.

तिथेच सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. लांबच लांब हौद, त्यांत हजारो ट्राउट, आणि बाजूला नाणं टाकलं की मूठभर खाद्य देणारं यंत्र. सासूबाईंना ते इतकं आवडलं की सगळ्यांच्या खिशातली नाणी संपली. दाणे पडले की पाणी उकळल्यासारखं होई, मासे एकमेकांवर चढत, आणि त्या हसून नातवाला म्हणत, “बघ, बघ, तो पलीकडचा! त्याला नाही मिळालं.” सुट्टीत इतक्या खूश त्या आधी दिसल्या नव्हत्या.

मुलाने मग आजीला समजावलं: हे मोठे झाले की नदीत सोडतात, आणि लोक ते गळाने धरून खातात.

सासूबाईंनी मुठीतले दाणे एकदा बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गाडीत आणखी सुटे आहेत का गं? पोटभर खाऊन तरी जाऊ देत.”