‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे ‘काही झालं नाही’ असं नव्हे

“डॉक्टर, एकदा तपासून खात्री करून द्या, मग तक्रारीचं बघू.” खराडीतल्या दवाखान्यात आई-वडील दार लोटून, आवाज खाली आणून असं म्हणतात, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं. अशी खात्री मी देऊ शकत नाही, आणि तक्रारीसाठी ती लागतही नाही.

लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीच सापडत नाही. पुष्कळदा अत्याचार स्पर्शाचा असतो, त्याने जखम होत नाही. झालीच तरी त्या भागातली जखम लवकर भरते, अनेकदा खूणही राहत नाही. आणि मूल बोलतं ते कधी कधी महिन्यांनी! मग ‘इजा नाही’ या दोन शब्दांवर त्याला खोटं ठरवणारे आपण कोण? आमचे काही व्यवसायबंधूही तेवढंच लिहून मोकळे होतात. ‘इजा नसली तरी अत्याचार नाकारता येत नाही’ हे पुढचं वाक्य लिहायला त्यांचं पेन का अडतं, मला कळत नाही.

नागपूरचं प्रकरण आठवा. डिसेंबर 2016, बारा वर्षांची मुलगी, पेरू देतो सांगून घरात नेलेली. मुख्य आधार तिच्या आणि तिच्या आईच्या साक्षीचा. विशेष न्यायालयाने पोक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती काढली, का तर मध्ये कपडा होता, त्वचेला त्वचा लागली नाही! त्यावर ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सर्जिकल हातमोज्यांचा दाखला दिला : ते घालून कोणी हात लावला तर गुन्हाच नाही का? आम्हा डॉक्टरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो निकाल रद्द झाला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचा नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. त्या मुलीच्या शब्दाला आधार द्यायला वैद्यकीय जखम लागली नाही.

तरीही रुग्णालयात न्याच, उपचारासाठी. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. गरज असल्यास गर्भनिरोधक गोळीही. शक्य असेल तर आधी आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. एफआयआर नसला तरी तपासणी करता येते, मुलगी असेल तर स्त्री डॉक्टरच करते. उपचार खासगी रुग्णालयातही मोफत, पैसे मागितले तर कायदा दाखवा.

घरी मात्र उलटतपासणी नको. “त्याने इथे हात लावला ना?” असं विचारू नका, पुढे वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. “मग काय झालं?” एवढंच विचारा. मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.

आणि “डॉक्टर, कोणाला सांगू नका” अशी गळ मला घालू नका. पोक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. तुम्हालाही.