कच्चं मडकं कोण?

जवळा बाजार गावात आज हळदीला काय भाव, सोयाबीनला काय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याच गल्लीतलं उशिरा बोलणारं, उशिरा समजणारं लेकरू शाळेत काय शिकतं, हे विचारा. उत्तर एकच: "ते खुळं हाय हो, त्याला काय येतंय!" मालाची प्रत आपण मूठभर दाणे हातात घेऊन पारखतो. लेकराला मात्र न बघताच रद्द करतो.

कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगता मानली. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. गावातली शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्याचीच ठेवली. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा बायांना दिल्या. दिव्यांग लेकराचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा, तोही पालकांना सोबत घेऊन, असं ठरलं.

आणि आपण काय करतो? तपासणीची कुणकुण लागली की फाईल निघते. गेल्या वर्षीच्या पानावरून यंदाचं पान उतरवलं जातं. उद्दिष्ट: एक ते वीस अंक ओळखणे. तेच लेकरू किराणा दुकानातून पन्नासची मोड बिनचूक मोजून आणतं, हे त्याच्या मायला ठाऊक असतं. पण तिला विचारतं कोण? तिला बोलावतात सहीपुरतं. रोज बुडवून आली तर व्हरांड्यात उभी राहते. नाही आली तर शेरा तयार: "पालक उदासीन."

गुरुजींच्या अंगावर दोन-दोन वर्ग असतात, शिवाय माहिती भरायची कामं. फिरत्या विशेष शिक्षकांना सरकारने वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवलं. ही भांडणं सरकारशी जरूर भांडावीत. त्यांची शिक्षा मागच्या बाकावरच्या लेकराला कशाला?

दोष एकट्या शाळेचाही नाही. थोरलीची सोयरीक मोडेल म्हणून धाकट्याला पाहुण्यांपासून लपवणारे आपणच. "याला आमच्या पोराजवळ बसवू नका" म्हणणारे आपणच. सगळं खापर मायच्या पोटावर फोडून औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलणारेही आपणच. बाप उगवतो तो प्रमाणपत्र आणि पगारीच्या कागदापुरता.

त्याच औंढ्याची कथा आपण कीर्तनात माना डोलावून ऐकतो. कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी संत नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, तेव्हा नामदेवांना कुणी उकिरड्यावर फेकलं नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. ज्याला कच्चं म्हटलं त्याला गुरू मिळाला, म्हणून आपल्याला संत मिळाला. नामदेवांच्या नरसीचा अभिमान मिरवणाऱ्या या हिंगोली जिल्ह्याला एवढाही अर्थ कळू नये?

तेव्हा मायांनो, आराखडा मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. लेकराला काय येतं, कशाची भीती वाटते, हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी काय साधलं ते विचारा. गुरुजी, मायला खुर्ची द्या आणि बैठक तिची मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवा. समितीच्या सदस्यांनो, रंगरंगोटीच्या बिलाआधी या आराखड्यावर बोला. हे सगळं बिनपैशात होण्यासारखं आहे. तरीही करणार नसाल, तर कच्चं कोण, हे गावाने एकदा ठरवून टाकावं.